दोन उंट, एक घोडा आणि माझी कारणं

आजवर कुणाला सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो. लखनऊच्या अलीगंजातल्या त्या बुद्धिबळाच्या डावात माझा उंट भलत्याच कोपऱ्यात का गेला, हे मला ठाऊक नव्हतं. आजही नाही. त्यावर मी पाऊण तास भाषण मात्र केलं आहे.

डाव काकांच्या घरी चालायचा. काका नात्यातले नव्हेत. संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले, मूळचे वर्ध्याचे, आणि बँकेनं मला लखनऊला पाठवल्यावर माझ्याशी मराठीत बोललेले पहिले गृहस्थ. आमची पद्धत अशी: मी बँकेतून येताना एक खेळी करायची, चहा प्यायचा; त्यांनी सकाळी उत्तर द्यायचं. मधल्या वेळात पटावर काकूंची दुधावर झाकायची जाळी. घरी जाऊन हवा तेवढा विचार करावा. फोनमध्ये बघू नये असा नियम नव्हता. "असा नियम करणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं," काका म्हणायचे.

थंडीत सुरू झालेल्या एका डावात शेवटी माझ्याकडे दोन उंट उरले, त्यांच्याकडे एक घोडा, आणि दोघांचे राजे. काका खूश. गल्लीतल्या पोरांना ते वर्षानुवर्षं हेच शिकवत आले होते की घोडा कोपऱ्याजवळ राजाच्या आश्रयाला बांधला की दोन उंटांचं काही चालत नाही. जुन्या पुस्तकांतही तसंच होतं.

"बरोबरी घे, नाहीतर म्हातारा होशील," ते म्हणाले.

घेणारच होतो. फक्त खात्री करावी म्हणून घरी फोनवर डाव मांडला. पटावर इतकी थोडी मोहरी उरली की कंप्युटर विचार करतच नाही. जिथे मात होते अशा प्रत्येक स्थितीपासून उलटं चालत येऊन त्यानं सगळी उत्तरं आधीच काढून ठेवलेली आहेत. उत्तर होतं: उंट जिंकतात. पुष्कळ लांबवर, पण जिंकतात. कसे, ते दाखवलं होतं. का, ते कुठंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यातली खेळी केली. मग त्यापुढची. पन्नास खेळ्यांत कुणी काही मारलं नाही तर बरोबरी, हा नियम काकांनीच उडवून लावला. "तो घाईतल्या लोकांसाठी. तूच दमून बरोबरी मागशील बघ!"

मग उंट कोपऱ्यात गेला.

"हा कुठे निघाला?" काकांनी विचारलं.

"सहज," मी म्हणालो. खरंच तेवढंच सुचलं.

"सहज म्हणतोय! अगं, ऐकलंस?"

"पाणी प्यायला गेला असेल," काकू आतून म्हणाल्या. "तुम्ही आधी सब्जी चिरून द्या."

मलिहाबादेत आंब्याची बाग असलेले शेजारचे भाईसाहब चहाला बसले होते. ते म्हणाले, "अरे साहब, ऐसे ही एक दिन हमारे साढ़ू निकले थे. सहज."

काकांना 'सहज' पुरेना, कारण हवं. म्हणून मी कारणं द्यायला लागलो. जवळून दिसत नाही, म्हणून लांब नेला. घोड्याला कंटाळा आणायचाय. वाट्टेल ते. काका डोळे मिटून ऐकत. हळूहळू आसपासची मराठी मंडळी जाळी उचलायच्या वेळेला जमायला लागली. एकानं मुलीच्या स्थळाबद्दल विचारलं. मी म्हणालो, जरा थांबा. स्थळ पुढे फसवं निघालं आणि माझी कीर्ती थेट चौकापर्यंत पोचली. भाईसाहब मला विचारून झाडांवर फवारणी करू लागले. शेवटी इथल्या मराठी मंडळानं 'दूरदृष्टी' या विषयावर माझं व्याख्यान ठेवलं. उंटावर बोललो. शाल मिळाली.

मला आयुष्यात कुणी गहन म्हटलं नव्हतं. बँकेत तर नाहीच.

बाजारात दशहरी आंबे आले त्या सुमारास घोडा राजापासून तुटला आणि अडकला. भाईसाहबांनी आंबे आणले होते. काकांनी बराच वेळ पट पाहिला आणि आपला राजा आडवा केला.

"मी पोरांना चुकीचं शिकवलं रे."

"काका, पुस्तकांतच तसं..."

"पुस्तकं लिहिणारे गेले. मी आहे ना! आणि तुझी एक खेळी मला कळली असेल तर शपथ. तू कारण सांगितल्यावरही नाही. डोकं गेलं माझं."

तिथंच सांगायचं होतं. पण तोंडात आंबा होता. कोय चोखून होईपर्यंत काका आत निघून गेले होते.

त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांना, आता पोराबाळांचे बाप झालेल्यांना, एकेकाला फोन करून सांगितलं की उंट जिंकतात. ते अगदी खरं आहे, हीच पंचाईत. पद्धतीला माझं नाव दिलं. आणि खेळ सोडला. नुसता खेळ नाही; शब्दकोडंही आता हातात घेत नाहीत. "गॅस बंद केला का, तेसुद्धा मला येऊन विचारतात," काकू म्हणाल्या. "तुझ्यासारखं डोकं असतं तर बरं झालं असतं."

काकांच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. खेळ्या कळल्या नाहीत, कारण त्या मलाही कळत नव्हत्या. माझी कारणं पटली नाहीत, कारण ती भंपक होती. सबंध अलीगंजात ती न पटलेले ते एकटेच.

परवाही गेलो होतो. चहा प्यालो, हवेवर बोललो, परत आलो. 'काका, तो डाव मी खेळलो नव्हतो,' हे त्यांच्यासमोर बसून सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.