मान हलवणाऱ्या आम्पायबाई

आम्पायबाई इंग्रजी शिकवायच्या आणि इंग्रजीला घाबरायच्या. पंचवीसेक वर्षं या दोन्ही गोष्टी एकाच बाईत सुखानं नांदल्या, कारण फ्रे जिल्ह्यातल्या त्या शाळेत इंग्रजी बोलायची वेळ कुणावर येतच नसे. फळ्यावर काळांचे तक्ते काढायचे, रिकाम्या जागा भरून घ्यायच्या, पोरं पास करायची. बाईंची पोरं पास व्हायचीही धडाधड. शुक्रवारी निळीत रंगवलेला सदरा घालून त्या फाटकात उभ्या राहिल्या, की उशिरा येणारी पोरं सायकलवरून उतरून हात जोडत. वचक होता, माया होती, पन्नाशी उलटली होती. आता रिटायर होईपर्यंत असंच जायचं, असं बाईंनी ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात हेडमास्तरांनी मारिसेलला आणलं.

मारिसेल फिलिपिन्सची. तिशीच्या आतली, हसरी, आणि बोलायला लागली की श्वास कधी घेते ते कळू नये अशी. संभाषणाच्या तासाला वर्गात दोघी हव्यात असा नियम होता: परदेशी टीचरनं बोलायचं, इथल्या बाईंनी पोरांना समजावायचं आणि वर्ग शांत ठेवायचा. वर्ग शांत ठेवण्यात आम्पायबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. पंचाईत होती ती समजावण्याची. मारिसेलची पहिली दोन वाक्यं त्यांना कळत, पुढे नुसता आवाज येई. ती पाच मिनिटं बोलून थांबली की बाई वर्गाकडे वळून गंभीरपणे सांगत, "टीचर म्हणतात, वह्या काढा."

पोरं वह्या काढत. मारिसेलला वाटे, काय सुंदर भाषांतर केलं!

"कळलं नाही, परत सांग" एवढं म्हणायला काय हरकत होती? पण आमच्याकडे असं तोंडावर म्हणत नाहीत. समोरचं माणूस जीव तोडून बोलतंय, त्याला पुन्हा बोलायला लावायचं म्हणजे त्याला उगीच त्रास. शिवाय त्याला वाटायचं, आपलंच बोलणं वाईट. त्यापेक्षा हसून मान हलवावी. दोघांचीही अब्रू शाबूत राहते. आम्पायबाई या कलेत तरबेज होत्या. वर्गात हलवत, स्टाफरूममध्ये हलवत, जेवणाच्या सुट्टीत मारिसेल ताट घेऊन शेजारी बसली की भाताच्या प्रत्येक घासाला एकदा हलवत.

नवरा सुतारकाम करायचा. तो रंधा मारता मारता म्हणाला, "अगं, एक दिवस भलत्याच गोष्टीला हो म्हणून बसशील."

"तू तुझं कपाट बघ," बाई म्हणाल्या.

आणि तो दिवस आलाच. एका सकाळी बाई शाळेत पोचल्या तर फाटकावर भलामोठा फ्लेक्स. आमच्या शाळेत साधी टाकी धुतली तरी फ्लेक्स लागतो, त्यामुळे बाईंनी आधी लक्ष दिलं नाही. मग त्यावर स्वतःचंच तोंड दिसलं. पुरुषभर उंचीचं, गुलाबी गाल केलेलं. खाली लिहिलं होतं: 'शिक्षण खात्याच्या साहेबांसमोर आदर्श इंग्रजी संभाषण वर्ग. घेणार आम्पायबाई.' तारीख उद्याची.

बाई तडक हेडमास्तरांच्या खोलीत गेल्या.

हेडमास्तर खुशीत होते. "वा बाई! मारिसेल म्हणाली, तिनं तुम्हाला विचारलं, की या वेळी तास तुम्ही घ्याल का, ती पोरांत बसेल. तुम्ही लगेच तयार झालात म्हणे. आम्हाला वाटायचं तुम्ही लाजाळू आहात!"

बाईंनी काय केलं असेल? हसून मान हलवली. दुसरं येतंय काय!

साहेबांची त्यांना तितकी भीती नव्हती. साहेब येतात, जेवतात, जातात. भीती पोरांची होती. पंचवीस वर्षं ज्या बाईंनी इंग्रजी शिकवलं, त्यांना साधं बोललेलं कळत नाही हे एकदा पोरांनी पाहिलं, की मग कोण कशाला ऐकेल? घरी नवऱ्यानं बोलून दाखवलं नाही, पण रंधा जरा जास्तच आनंदानं चालवला. संध्याकाळी बाईंनी टोपलीत चिकट भात भरला, भाजलेल्या हिरव्या मिरचीचा ठेचा घेतला आणि मारिसेलच्या खोलीकडे निघाल्या. वाटेत एकच इंग्रजी वाक्य घोकत होत्या: मला कळलं नव्हतं, मला माफ कर.

मारिसेल ओट्यावर बसली होती. तिच्या समोर घरमालकीण, बुआफान आजी. आजी अस्सल इथल्या बोलीत सुरू होती, "तर मग पोरी, रविवारी पहाटे अंघोळ करून तयार राहा. देवळाच्या मिरवणुकीत तू सगळ्यांत पुढं. केसात फुलं मी माळते. नाच सोपा आहे, आमच्या म्हशीलासुद्धा येईल. येशील ना?"

मारिसेल गोड हसली आणि तिनं मान हलवली.

आम्पायबाई जागच्या जागी थांबल्या. ती मान त्यांच्या ओळखीची होती. ती हसण्याची ढबही ओळखीची होती, ओठ आधी आणि डोळे मागाहून. आजी समाधानानं आत गेली. बाई ओट्यावर टेकल्या आणि घोकलेलं वाक्य विसरून त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं, "आजी काय म्हणाली, कळलं तुला?"

मारिसेलचा चेहरा पडला. "नाही, आम्पायताई."

"मग मान का हलवलीस?"

"त्या इतक्या प्रेमानं बोलतात. कळलं नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल."

"रविवारी तुला नाचायचंय. देवळापासून बाजारापर्यंत. सगळ्यांच्या पुढे."

मारिसेलनं दोन्ही हात डोक्याला लावले. आम्पायबाईंना हसू फुटलं, ते आवरेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि त्या पाण्यातच त्यांनी सांगून टाकलं, "मीपण! मीपण वर्षभर तेच करतेय. तू बोलतेस ते मला कळत नाही. उद्याचा तास मी कबूल केला, तेही मला कळलं नव्हतं."

"पण तुम्ही वर्गात भाषांतर करायचात!"

"वह्या काढा म्हणायचे."

मारिसेल इतकी हसली की आजी बाहेर डोकावली. आम्पायबाईंचा जीव असा भांड्यात पडला, की वर्षभर तो कुठे टांगला होता हे त्यांना तेव्हाच समजलं. दोघींनी टोपलीतला भात तिथंच ठेच्याबरोबर संपवला. उद्याचं ठरलं ते एवढंच: मारिसेलनं रोजच्यासारखं बोलायचं, आणि बाईंना कळलं नाही तर बाईंनी तसं म्हणायचं. सगळ्यांसमोर.

ठरवणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी साहेब मागे खुर्चीवर, हेडमास्तर दारात, मारिसेल पोरांमध्ये बाकावर, आणि फळ्यापाशी बाई एकट्या. बाईंनी विचारलं, "शनिवारी तू काय केलंस?" मारिसेल उठली आणि सवयीनं सुसाट निघाली. बाईंना शनिवार कळला, बाजार कळला, पुढे सगळा गलबला. मान आपोआप हलायला लागली. बाईंनी ती थांबवली.

"मला कळलं नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "पुन्हा सांग. सावकाश."

हेडमास्तरांनी छताकडे पाहिलं. बाईंना वाटलं, झालं, संपलं.

मग तांगमो नावाच्या पोरीनं हात वर केला. वर्षभर या पोरीच्या तोंडून इंग्रजीचं एक अक्षर बाहेर पडलं नव्हतं. ती अडखळत, पण पूर्ण वाक्यात म्हणाली, "टीचर, मलापण कळलं नाही."

"मलापण!" शेजारची म्हणाली. मग तिसरा, मग अख्खी रांग. जणू कुणीतरी परवानगीच दिली होती. मारिसेल पुन्हा बोलली, सावकाश. बाईंनी अर्धं वर्गाला समजावलं, उरलेलं पुन्हा विचारलं. बाजारात मारिसेलनं चुकून तळलेले किडे विकत घेतले होते, परत करायची लाज वाटली म्हणून उभ्या उभ्या सगळे खाल्ले होते. पोरं बाकं बडवून हसली. कसे लागले, किती खाल्ले, पोट दुखलं का, प्रश्नांवर प्रश्न आले, आणि सगळे इंग्रजीत. साहेब जाताना म्हणाले, वर्गात गोंगाट फार होता, पण चांगला होता. मग ते जेवायला गेले.

दोघी सावकाश कँटीनकडे निघाल्या. मारिसेल काहीतरी बोलली.

"कळलं नाही," बाई म्हणाल्या. आता त्यांना ते म्हणायची चटकच लागली होती.

मारिसेलनं पुन्हा सांगितलं. तरी कळेना. तेव्हा ती थांबली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "पावसाळ्यात माझी आई इस्पितळात होती. मी तुम्हाला जेवताना सांगितलं होतं. तुम्ही हसलात, मान हलवलीत. मला वाटलं, इथं असल्या गोष्टी बोलत नसतील. म्हणून मग कुणालाच सांगितलं नाही."

आम्पायबाईंनी मारिसेलचा हात घट्ट धरला. इंग्रजी एकदम आटलं, एकही शब्द सापडेना. शेवटी पहिलीतल्या पोरासारखं विचारलं, "आई आता? आई कशी?"

"बरी आहे, ताई. अगदी बरी. काल मासेवालीशी भांडून आली."

"भांडली?"

"खूप."

बाईंनी मोठा श्वास सोडला. भांडणारी आई म्हणजे बरी झालेली आई, हे कुठल्याही भाषेत कळतं. पोरं ताटं घेऊन त्यांच्या बाजूनं पळत होती. बाई कुणावरही ओरडल्या नाहीत. त्यांनी मारिसेलला भिंतीकडेच्या बाकावर बसवलं, स्वतः तिच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "आता पहिल्यापासून सांग. काय झालं होतं आईला? सावकाश सांग, घाई नाही. मी प्रत्येक ठिकाणी थांबवणार आहे."