दोन तासांची नजर

गेवराईच्या तहसील कचेरीतले मुन्शीजी कुठलाही कागद वाचायचे ते खेळायच्या पत्त्यातल्या भोकातून. चौकट अठ्ठीचा एक जुना पत्ता, त्याला मधोमध सुईनं पाडलेलं भोक. पत्ता डाव्या डोळ्याला लावायचा, उजवा मिटायचा आणि नाक कागदाला टेकेल इतकं वाकून एकेक अक्षर टिपायचं. नवा माणूस हसायचाच. मीही पहिल्या दिवशी हसलो. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कोन हसलं बे?" पुढं अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या बैठकीवर बसलो.

राज्य निजामाचं, कारभार सगळा उर्दूत. मुन्शीजी नकलनवीस होते. मूळ मिसलीवरून, म्हणजे दप्तरातल्या कागदांवरून, हुकमाची नक्कल उतरून द्यायची, हे त्यांचं काम. त्यांचं अक्षर पार बीडपर्यंत नावाजलेलं. पण तिशीच्या आतच त्यांना एकाचे दोन, दोनाचे चार दिसू लागले होते. हैदराबादहून आणलेले तीन चष्मे पेटीत पडून होते; एकाचाही उपयोग झाला नव्हता. विचारलं की म्हणायचे, "डोळा शरीफ हाय भाऊसाहेब, नजर बदमाश हाय." आणि बोटांच्या पेरांनी डोळे कराकरा चोळायचे. घरी भाभी ओरडायच्या, कचेरीत मी. ऐकायचे कुणाचंच नाहीत.

पत्त्याच्या भोकातून दिसायला लख्ख ऊन लागायचं. आभाळ भरून आलं की त्यातून नुसता अंधार. अशाच एका अंधाऱ्या आठवड्यात कामं तुंबली, मुन्शीजींनी वैतागून पत्ता बाजूला ठेवला आणि उघड्या डोळ्यांनी नकला उतरल्या. महिन्याभरानं चकलांब्याची एक विधवा कचेरीच्या पायरीशी येऊन बसली. तिचं नाव जनाबाई. उर्दूत ज आणि च यांचा आकार एकच. ज ला एक ठिपका, च ला तीन. तिच्या जमिनीच्या हुकमाच्या नकलेत मुन्शीजींनी तीन दिले होते. बीडच्या कोर्टात तिच्या दिराचा वकील म्हणाला, हा हुकूम कुणा चनाबाईचा आहे, या बाईचा नाही. जमीन अडकली.

"मुन्शीबाबा," ती म्हणाली, "मला चना कावून केलं हो?"

कचेरी हसली. मुन्शीजी हसले नाहीत. त्यांनी मला मूळ मिसल वाचायला सांगितली, मी वाचली, आणि ते तिच्याबरोबर बीडला गेले. भर कोर्टात लिहून दिलं की चूक माझी आहे, मला एका ठिपक्याचे तीन दिसतात. बाईची जमीन सुटली. मुन्शीजींच्या नोकरीवर मात्र गदा आली. तहसीलदारांनी सहा महिन्यांची मुदत दिली: डोळे सुधारा, नाहीतर घरी बसा.

हैदराबादच्या डॉक्टरांनी या खेपेला नीट तपासलं. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन सुळक्यासारखा पुढं आला आहे, म्हणाले. चष्मा कितीही बदला, फरक पडणार नाही. काच थेट डोळ्यावरच बसवली तर जमेल. तसल्या काचा जर्मनीहून येतात आणि त्या बसवणारे एक डॉक्टर मुंबईला आहेत.

मी रजा काढून बरोबर गेलो. शहागडला नावेनं गोदावरी ओलांडली, जालन्यापर्यंत मोटार, पुढं रेल्वे. मुंबईच्या डॉक्टरांकडं लाकडी पेटीत मखमलीवर ओळीनं काचेच्या वाट्या मांडलेल्या होत्या. अर्ध्या सुपारीएवढी एकेक, आतून पोकळ. वाटी मिठाच्या पाण्यानं काठोकाठ भरायची, तोंड खाली करून पापण्या ताणायच्या आणि पाणी न सांडता ती डोळ्यावर दाबायची. आत हवेचा एक बुडबुडा राहिला की पुन्हा पहिल्यापासून. सकाळी सुरू झालेलं हे काम दुपारपर्यंत चाललं. सातवी की आठवी जोडी बसली.

मुन्शीजींनी खिशातून स्वतःच्याच हातची एक नक्कल काढली. मुद्दाम आणली होती. कागद हातभर लांब धरून त्यांनी ती वाचली. मग ओळीखालून बोट फिरवलं.

"हे मी लिवलंय?"

"तुम्हीच की."

"ओळ बघा. दारू पिऊन चाललीय." त्यांचा आवाज चढला. "धा वर्षं वाहवा करताय तुमी लोक! एकाला सांगता आलं न्हाई?"

खरं म्हणजे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. अक्षर सुरेखच होतं, ओळ फक्त किंचित उतरत होती. पण त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं होतं, दिसायला लागलं की माणूस आनंदानं रडेल.

तो राग संपायच्या आत दुखणं सुरू झालं. दोन तास झाले की काच चावू लागायची. डोळा लाल, पाण्याच्या धारा, दिव्याभोवती इंद्रधनुष्य, मग सगळीकडं धुकं. डॉक्टर म्हणाले, सवय होईल. मुन्शीजी परतीच्या वाटेवर म्हणाले, "सवय होईल म्हणणाऱ्याच्या डोळ्यात वाळूचा खडा ठेवून बघावा एकदा."

सवय झाली नाही. कचेरीत त्यांनी शिस्त बसवली. दहाला काचा घालायच्या, बाराला काढायच्या. त्या दोन तासांत त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, पान पुढं करायचं नाही, सलामसुद्धा करायचा नाही. ते लिहायचे आणि ठिपके मोजायचे. बारा वाजता ओल्या फडक्यानं डोळे झाकून भिंतीला टेकायचे, आणि उरलेला दिवस मी वाचून दाखवलेलं ऐकायचे. नोकरी टिकली. नकला बिनचूक होऊ लागल्या. तहसीलदार खूश, बीडचं कोर्ट खूश. एकटे मुन्शीजी दिवसेंदिवस तिरसट होत गेले. मी एकदा समजूत घालायला गेलो, "दोन तास तरी मिळतात ना?" तर म्हणाले, "जोडा चावला तर काढून हातात घेता येतो, भाऊसाहेब. नजर कशी हातात घ्यायची?"

पुढं आणखी तीनदा ते मुंबईला गेले. एक जोडी घट्ट निघाली, तिनं तासाभरात डोकं धरलं. एक सैल, मान वळवली की बुडबुडा आत. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी डोळ्याचा साचा काढला. म्हणाले, या मापाची काच खास घडवून मागवू, ती चार-पाच तास तरी सुखानं राहील. मुन्शीजी पहिल्यांदा हसत परत आले. भाभींनी शेजारीपाजारी शिरखुर्मा वाटला. आणि जर्मनीशी लढाई सुरू झाली. माल यायचा बंद. साचा मुंबईत पडून राहिला, काच आलीच नाही. मुन्शीजी रोज टपालाची वाट बघायचे आणि रोज लढणाऱ्या दोन्ही मुलखांना एकत्रच शिव्या द्यायचे.

लढाईच्या तिसऱ्या वर्षी उजव्या डोळ्याची काच धुताना निसटून पितळी घंगाळात पडली आणि दुभंगली. एका डोळ्यावर त्यांनी आणखी एक पावसाळा काढला. डावा डोळा सुजू लागला, दोन तासांचे दीड, दीडाचा एक झाला. डॉक्टरांनी पत्रानं कळवलं, आता जोर केलात तर बुबुळावर वण पडेल. मुन्शीजींनी राजीनाम्याचा अर्ज स्वतः लिहिला. ओळ सरळ होती.

शेवटच्या दिवशी आम्ही हारतुरे आणले होते. ते त्यांनी बाजूला ठेवायला लावले. दहा वाजता नेहमीसारखं फडकं पसरलं, तोंड खाली केलं, डाव्या डोळ्यात काच बसवली. मी सवयीनं पुढं मिसल सरकवली. ती त्यांनी हातानं मागं सारली.

"आज कागद न्हाई."

ते उठले. एकेकाच्या बैठकीपाशी गेले. पेशकार, दोन अहलकार, दाराशी बसणारा चपराशी. प्रत्येकाच्या समोर उभे राहून बघितलं. चपराशाला म्हणाले, "तुझ्या हनुवटीवर व्रण हाय का रे? मला म्हाईतच न्हाई." तो म्हणाला, लहानपणचा आहे. इतक्या वर्षांत स्वच्छ नजरेचे जे तास मिळाले, ते सगळे त्यांनी नुक्त्यांवर, अक्षरांच्या ठिपक्यांवर घातले होते. आमची तोंडं त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

माझ्यापाशी ते शेवटी आले. डोळा एव्हाना लाल झाला होता, गालावर पाणी ओघळत होतं. मी म्हणालो, "काढा आता मुन्शीजी, चावत असेल."

"चावतीय. लई चावतीय," ते करवादले. "तुमी हलू नका."

मी हललो नाही.