पायरीची उंची

प्रयोगशाळेत त्यांना सगळे दादा म्हणत, अगदी संचालकसुद्धा. आणि संचालक त्यांच्यापेक्षा वयानं मोठे होते. दादांना त्याचं काही वाटत नसे. ते मोठ्या बहिणीकडे राहत, स्वतःचे शर्ट स्वतः इस्त्री करत आणि दिवसभर संगणकात दोन अर्धवाहक एकमेकांना चिकटवून बघत. एक सेंद्रिय, म्हणजे कार्बनी रेणूंचा पातळ थर. दुसरा झिंक ऑक्साइडचा टणक स्फटिक. दोघे भेटतात तिथे इलेक्ट्रॉनला एक पायरी ओलांडावी लागते. ती किती उंच, एवढंच दादा काढत.

"आणि ती कळली की?" ताई विचारायची.

"उन्हावर वीज देणाऱ्या पट्ट्या जरा सुधारतात."

"जरा?"

"जराच."

त्या वर्षी दादांची नेमणूक संपत आली होती आणि मुदतवाढ एका अहवालावर अडली होती. खालच्या मजल्यावरच्या मापनबाई तीच पायरी प्रत्यक्ष मोजत. दादांचं उत्तर त्यांच्या दुप्पट येत होतं. संचालकांनी तोडगा सुचवला.

"दादा, त्या प्रोग्रॅममध्ये एक आकडा आपणच घालायचा असतो ना? तो थोडा फिरवा. जुळेल."

दादांनी फिरवला. तंतोतंत जुळलं. मग त्यांनी त्याच आकड्यावर नुसत्या झिंक ऑक्साइडचं गणित केलं, ज्याचं उत्तर पाठ्यपुस्तकात छापलेलं असतं. ते त्याच्या आसपासही फिरकेना. दादांनी आकडा पूर्ववत केला आणि जिना उतरून खाली गेले.

"बाई, तुमचं काम बघत बसू का?"

"चूक शोधायला आलात?"

"हो."

"मग त्या स्टुलावर बसा. खुर्चीचा पाय मोडलाय."

बाईंनी ऑक्साइडचा थर असलेली काच धुतली, कोरड्या वायूच्या फवाऱ्यानं सुकवली, उजेडात धरली. "बघा. ठणठणीत कोरडी."

"आता रेणूंचा थर देणार?"

"आता जेवणार."

"तोवर ही इथेच, उघडी?"

"मग काय, घास भरवायला बरोबर नेऊ तिला?"

दादा उठलेच. हवेतलं पाणी ऑक्साइडला डोळ्यांना न दिसता चिकटतं, हे दोघांनाही पाठ होतं. पण दादांच्या संगणकातला स्फटिक इतका कोरडा होता, की तसा कुणाच्याही टेबलावर सापडला नसता. त्यांनी स्फटिक आणि रेणू यांच्यामध्ये पाण्याचा विरळ थर घातला आणि गणित पुन्हा लावलं. बाई तेव्हापासून आधी जेवून मग काच धुऊ लागल्या.

आठवड्यानं उत्तर आलं. फरक निम्म्यावर आला होता. उरलेला निम्मा जागचा हलत नव्हता.

"म्हणजे जुळलं नाहीच," संचालक म्हणाले.

"नाही. निम्मं पाण्यामुळे. उरलेलं कशामुळे, माहीत नाही. तसं लिहिलंय."

"माहीत नाही, असं लिहिलंत?"

"पहिल्याच पानावर. शोधत बसायला नको कुणाला."

संचालकांनी ते पान दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि सही केली. दादांना सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली. नेहमी वर्षाची मिळायची.

"निम्म्या उत्तराला निम्मी नोकरी," ताई म्हणाली. "तुझा साहेब हिशेबाचा पक्का दिसतो."

"त्याचं बरोबरच आहे."

"आणि उरलेलं सहा महिन्यांत नाही सापडलं तर?"

दादांनी नीट विचार केला. ताईला ते कधी उगीच काही सांगत नसत.

"तर मी घरी असेन," ते म्हणाले.