बिनमॉनिटरचा कॉम्प्युटर

आमच्या भाऊजींच्या कॉम्प्युटरला मॉनिटर नव्हता. पाहुणे यायचे, कीबोर्ड बघायचे, टेबलाखाली घुरघुरणारा सीपीयू बघायचे आणि मग मॉनिटर शोधत खोलीभर नजर फिरवायचे. मी मुद्दाम काही बोलायची नाही. तेवढीच करमणूक! भाऊजींची दृष्टी लहानपणीच तापात गेली, त्यांना मॉनिटर काय करायचाय? कॉम्प्युटर घरात आला त्याच दिवशी त्यांनी मॉनिटर उचलून आमच्या खोलीत आणून ठेवला. "वहिनी, दादाला द्या. मॅचबिच बघेल."

दादा म्हणजे आमचे हे.

भाऊजींचा कॉम्प्युटर बोलतो. स्क्रीनवर जे येतं ते हेडफोनमधून वाचून दाखवतो, तेही इतकं भरभर की मला एक अक्षर कळेल तर शपथ. डॉक्टर लोक पेशंटबद्दलचा मजकूर तोंडी बोलून पाठवतात, भाऊजी तो ऐकून टाइप करतात आणि संध्याकाळच्या आत परत धाडतात. चुकलं की काम दुसऱ्याला. पण माणूस या कामावर ताठ उभा आहे. औषधाच्या बाटलीवरचं नावसुद्धा कुणाला वाचू देत नाही. बाटलीला रबर गुंडाळून ओळखतो.

या हट्टाचं मूळ आमच्या ह्यांच्यात आहे. सासूबाईंनीच मला सांगितलं होतं. शाळाभर ह्यांनी धाकट्या भावाची सगळी पुस्तकं त्याला मोठ्यानं वाचून दाखवली. तो पास होत गेला आणि हे स्वतः शेवटच्या परीक्षेत आपटले. त्या रागात बोलून गेले, "तुझी पुस्तकं वाचून वाचून माझी राहिली. आता पुरे." झालं! भाऊजींनी कानाला खडा लावला. पुन्हा कधी 'दादा, वाच' म्हणाले नाहीत. भांडण म्हणाल तर नाही. जेवताना "मीठ सरकव", "पंखा लाव" एवढं चालायचं. दोघांच्या खोल्या शेजारी शेजारी, आणि मधली सगळी ये-जा मी करायची.

त्या आठवड्यात कॉम्प्युटरनं एकच तुणतुणं लावलं होतं: मदरबोर्डचे ड्रायव्हर जुने झालेत, नवे घ्या. मदरबोर्ड म्हणजे आतली ती मोठी पाटी, जिच्यावर बाकी सगळं बसवलेलं असतं. आणि ड्रायव्हर म्हणजे तिच्याकडून कामं करून घेणारे छोटे छोटे प्रोग्रॅम. भाऊजी रोज 'नंतर' म्हणायचे. त्या दुपारी काय सणक आली देव जाणे, 'हो' म्हणाले. कॉम्प्युटर बंद झाला, परत चालू झाला, तो मुका.

"वहिनी!" अशी हाक मी त्यांच्याकडून कधी ऐकली नव्हती. जाऊन बघते तर हेडफोन काढताहेत, घालताहेत. दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "उद्या येतो. तोवर स्क्रीनवर काय दिसतंय ते बघून घ्या."

आता आली का पंचाईत! मॉनिटर आमच्या खोलीत, आणि ह्यांची रात्रपाळी, म्हणून हे तिथं झोपलेले. मी चोरपावलांनी वायर काढली आणि मॉनिटर पोटाशी धरून बाहेर आणला. आपल्याच घरात चोरी!

जोडला. स्क्रीन उजळली.

"काय लिहिलंय?" भाऊजींनी विचारलं.

"बरंच आहे. मशीनबद्दलच आहे काहीतरी. खाली दोन बटणं आहेत."

"वहिनी, शब्द वाचा."

"अहो, मतलब सांगतेय ना मी!"

"मतलब नको. शब्द."

मला असं टोकलेलं सहन होत नाही. म्हटलं, थांबा, मीच करते. आणि 'येस' दाबून मोकळी झाले. कॉम्प्युटर पुन्हा बंद पडून चालू झाला. आवाज नाहीच. वेळ गेला तो गेलाच.

भाऊजींनी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले. "राहू द्या वहिनी. कळवून टाकतो, आज होणार नाही. उद्याही कुणाच्या तरी तोंडाकडेच बघायचंय."

फार वाईट वाटलं मला. स्वतःचा रागही आला.

"माझा मॉनिटर कुठाय?" हे दारात उभे होते, केस विस्कटलेले. मग त्यांना मॉनिटर दिसला, आणि भाऊजींचे मांडीवरचे हात दिसले. आता तोफ सुटणार म्हणून मी पदर खोचून तयार झाले. तर ह्यांनी स्टूल ओढलं आणि भाऊजींच्या शेजारी बसले.

"डावीकडे वर," हे म्हणाले, "धिस पीसी. त्याखाली रिसायकल बिन. त्याखाली तुझं फोल्डर."

भाऊजींनी मान आवाजाकडे वळवली. मग हात कीबोर्डवर गेले.

मी बघतच राहिले. हे एक शब्द गाळत नव्हते की पदरचा घालत नव्हते. कुठली ओळ कुठं, कुठलं बटण फिकट, कुठं स्वल्पविराम, सगळं सांगत होते, एका लयीत. इतक्या वर्षांनंतरही ती लय मोडलेली नव्हती.

"साऊंड. त्याच्यापुढे पिवळा त्रिकोण."

"उघडलं. आता?"

"वर कप्पे. दुसरा, ड्रायव्हर. त्यात खाली बटणं. तिसरं, रोल बॅक ड्रायव्हर. म्हणजे जुना..."

"म्हणजे नको सांगू."

"नाही सांगत बाबा."

भाऊजींच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्यांनी बटण दाबलं. स्क्रीन जराशी थांबली, आणि टेबलावर पडलेला हेडफोन भरभर पुटपुटायला लागला. मी स्वच्छ ऐकला. हे तर माझ्याहून जवळ होते. उन्हं अजून खिडकीत होती. काम वेळेत जाणार होतं.

हे गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागले.

भाऊजींची करंगळी एका कोपऱ्यातल्या बटणावर गेली. हेडफोन गप्प झाला.

"दादा," ते म्हणाले, "आवाज अजून येत नाहीये बहुतेक."

ह्यांनी त्या करंगळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

"बरं," म्हणत हे परत स्टुलावर बसले. "डावीकडे वर..."