नावाऐवजी काठ

औंढ्याच्या बसस्टँडसमोर शिवणाच्या दुकानाच्या ओट्यावर एक बाई बसायची. उरलेल्या लग्नपत्रिकांचा जाड कागद आणि ब्लाऊजच्या चिंध्या घेऊन ती आहेरावर बांधायच्या चिठ्ठ्या करायची. कापण्याआधी प्रत्येक चिंधी अंगठ्याने चोळून बघायची. मग कात्री एकदाच फिरायची. खळीने चिंधी कागदावर बसवली की दाभणाने भोक पाडून दोरा ओवायची. बघत राहावं असे हात होते तिचे.

त्या दिवशी मात्र मला बघायला वेळ नव्हता. मावशीसाठी साडी घेतली होती आणि बस लागली होती. म्हटलं, "एक चिठ्ठी द्या, अन् वर माझं नाव लिहा."

"मावशीला वाचता येतं का?"

"नाही."

"मंग नाव काहून लिवता, ताई?" तिची नजर माझ्या हातातल्या पिशवीवर गेली. "ही कशाची शिवली?"

"आईच्या लुगड्याची. आई गेली मागच्या वर्षी."

तिने पिशवी मांडीवर घेतली, आत दुमडलेला काठ उसवला, बोटभर कापला आणि पिशवी पुन्हा शिवून दिली. तोवर बस निघून गेली. मी वैतागले.

"दुसरी येऊन राहिली की," मान वर न करता ती म्हणाली आणि काठ कागदावर चिकटवू लागली.

संध्याकाळी मावशीने पुडकं हातात घेतलं. चिठ्ठीवरून बोट फिरवता फिरवता थांबली.

"अक्काचं लुगडं," एवढंच म्हणाली. चिठ्ठी सोडवून तिने कमरेच्या पिशवीत ठेवली.

साडी तिने दुसऱ्या दिवशी उघडली.