मामाची साखर माझ्या तोंडात

माझ्या मामीला लग्नाची मागणी मी घातली. त्या वेळी मामा शेजारच्याच खुर्चीवर बसला होता, आणि वाईट म्हणजे ती मागणी मान्यही झाली.

साल त्रेसष्ट. इस्राएलच्या दक्षिण टोकाला, एलात गावी मी आणि हायममामा एका खोलीत राहत होतो. मामा बंदरात माल उतरवायच्या कामावर होता आणि मी एका हॉटेलात टेबलांवर वाढत होतो. (मुंबईच्या नातेवाइकांना मी 'हॉटेल लाइनमध्ये आहे' एवढंच कळवलं होतं.) मामाचं वय एकेचाळीस. बहिणींची लग्नं लावता लावता त्याचं स्वतःचं राहून गेलं होतं. त्यातून आम्हा बेने इस्राएल लोकांची, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यूंची, लग्नं लावावीत की नाही यावरच तेव्हा काही रब्बींचा, म्हणजे धर्मगुरूंचा, काथ्याकूट चालला होता. अशा दिवसांत मामाने बेरशेव्याला कोणाच्या तरी लग्नात रिव्का पाहिली. तीही पस्तिशीची, नेतिवोतला दवाखान्यात नावं नोंदवायच्या कामावर होती. परत आल्यावर मामा तिच्याबद्दल एवढंच म्हणाला, "बरी वाटली." पण पुढचे पंधरा दिवस तो भातात मीठ घालायला विसरत होता, तेव्हा मी काय ते समजलो. हे जमलं नाही तर मामा पुन्हा कोणाचं नाव काढणार नाही, हेही मला ठाऊक होतं.

मी एक मध्यस्थ गाठला. त्याच्याकडून निरोप आला. "मुलगी मुंबईला इंग्रजी शाळेत शिकवत होती. नुसता मान डोलावणारा नवरा तिला नको. बोलणारा हवा."

मी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला. "मामा, इंग्रजी लागणार."

"कशाला? ती आपल्यातलीच आहे ना?"

"आपल्यातली आहे म्हणूनच. प्रेमाचं मराठीत बोलताना ऐकलंयस कधी कोणाला?"

मामाने विचार केला. त्यालाही आठवेना. आमच्या घरात मोठ्या माणसांनी 'अहो, ऐकलं का' आणि 'जेवण गार होतंय' यावर अख्खे संसार रेटले होते. हिब्रू आम्हाला कामापुरती यायची: उचल, ठेव, सही कर, उद्या ये. एवढ्या भांडवलावर बाईमाणसाचं मन कसं वळवणार? राहिली इंग्रजी. आणि इंग्रजीत आमच्या खोलीत पंडित एकच होता, तो म्हणजे मी.

माझं हे ज्ञान सगळं हॉटेलातलं. परदेशी जोडपी जेवायला बसली की मी सूप घेऊन टेबलापाशी गरजेपेक्षा जास्त रेंगाळायचो. कोण कोणाला काय म्हणतं, कोणत्या वाक्यावर बाई हसते, कोणत्या वाक्यावर हात मागे घेते, सगळं टिपून ठेवायचो. (सूप गार झाल्याच्या तक्रारी यायच्या. पण विद्या अशी फुकट थोडीच मिळते!)

आमची शिकवणी सुरू झाली. मी डोक्यावर टॉवेल घेऊन रिव्का व्हायचो. मामा समोर खाटेवर बसायचा, घाम पुसत.

"म्हण. यू आर लुकिंग लव्हली धिस ईव्हनिंग."

"आपण दुपारी पोचणार ना?"

"मामा, तू मध्ये बोलू नकोस. पुढचं घे. डू यू कम हिअर ऑफन?"

"म्हणजे तिच्याच घरी बसून तिला विचारू, तू इथे नेहमी येतेस का म्हणून?"

"अशी विचारायची पद्धत असते."

"आणि ती हो म्हणाली तर?"

याचं उत्तर मला माहीत नव्हतं, कारण तोपर्यंत नेहमी दुसऱ्या टेबलाचं बोलावणं यायचं. मी म्हटलं, "मग म्हणायचं, आय हॅव नेव्हर मेट एनीवन लाइक यू." मामाने ते वाक्य इतक्या दुःखी चेहऱ्याने म्हटलं की कोणालाही वाटावं, हा सांत्वनाला आलाय.

शुक्रवारी पहाटेच्या बसने आम्ही निघालो. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासूनचा विश्रांतीचा दिवस, तिच्या आत्याच्या शेजाऱ्यांकडे काढायचा असं ठरलं होतं. मामाने नवा सदरा घातला होता. मी हॉटेलचा पांढरा कोट आणि काळा बो चढवला होता. (जाण्याचं प्रयोजन मामाचं होतं, याची मला तेव्हा कोणीतरी आठवण करून द्यायला हवी होती.) वाळवंटातून बस चालली होती आणि मामा समोर बघत पुटपुटत होता. जरा आवाज चढला. "माय हार्ट इज युअर्स. माय हार्ट इज युअर्स." शेजारी एक सैनिक मुलगी बंदूक मांडीवर घेऊन डुलकी काढत होती. तिने एक डोळा उघडला, मामाकडे पाहिलं, उठली आणि ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसली.

मामाचं उरलंसुरलं अवसान गळालं. "मला नाही रे जमायचं. तू बस माझ्या शेजारी. मी अडलो की सांग."

"बेसेदेर," मी हिब्रूत 'ठीक आहे' म्हटलं. खरं सांगतो, मला आतून बरंच वाटलं.

नेतिवोतला रिव्का आणि तिची आत्या शिकूनमधल्या, म्हणजे सरकारी वसाहतीतल्या, दोन खोल्यांत राहत होत्या. साराआत्या सत्तरीच्या, नऊवारी नेसलेल्या, अलिबागेकडच्या. इंग्रजीशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, मामाला विचारलं, "प्रवास बरा झाला ना?" मामा म्हणाला, "हो." त्या दुपारचं त्याचं पहिलं वाक्य ते, आणि बराच वेळ शेवटचंही.

रिव्का समोर येऊन बसली. साधी निळी साडी, चष्मा, शांत चेहरा. मामाने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मी कोपराने ढोसलं. काही नाही. मी हळूच सांगितलं, "यू आर लुकिंग..." मी जरा मोठ्याने सांगितलं, "यू आर लुकिंग लव्हली धिस ईव्हनिंग."

रिव्काने घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजले होते.

आता हे वाक्य खोलीत पडून राहिलं, त्याला पुढे कोणीतरी न्यायला हवं होतं. मामा नेत नव्हता. मग मीच नेलं. "डू यू कम हिअर ऑफन?"

"आय लिव्ह हिअर," ती म्हणाली.

इथे थांबायला हवं होतं. पण पट्टीच्या गवयाला समोर तबला मिळावा तसं माझं झालं. इतके महिने दुसऱ्यांचं ऐकलेलं, आज पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडत होतं! मी खुर्चीच्या टोकाला सरकलो. 'आय हॅव नेव्हर मेट एनीवन लाइक यू' म्हटलं. डोळ्यांबद्दल एक वाक्य होतं, तेही म्हटलं. शेवटी छातीवर हात ठेवून, कमरेत वाकून 'माय हार्ट इज युअर्स' म्हटलं. रिव्काने पदर तोंडाला लावला आणि "चहा बघते," म्हणून आत निघून गेली. मला वाटलं, लाजली. (ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून हसत होती, हे पुढे कळलं.)

इकडे साराआत्या सगळं बघत होत्या. मध्यस्थाने त्यांना स्थळाचं नाव-वय काही सांगितलं नव्हतं, तेव्हा त्यांचा हिशोब सरळ होता. आमच्यात मुलगी बघायला मामा भाच्याला घेऊन जातो. थोराने गप्प बसून लक्ष ठेवायचं असतं. टक्कल पडलेला हा गप्प बसलाय, म्हणजे हा मामा. आणि परक्या मुलीसमोर छातीवर हात ठेवून कोण वाकेल? नवरामुलगाच. मुलगा जरा कोवळा वाटतोय, पण मुलगी पदर लावून आत गेली म्हणजे तिचा होकार आहे. आणि शब्बाथ लागायच्या आत गोड झालेलं बरं.

त्या उठल्या. फडताळातून वाटी काढली. "एलियाहू हन्नाबी तुझं भलं करो," असं आमच्या प्रेषिताचं नाव घेऊन म्हणाल्या, आणि चिमूटभर साखर माझ्या तोंडात घातली.

आमच्यात मुलाच्या तोंडात साखर गेली म्हणजे लग्नाचा शब्द दिला गेला. मला हे ठाऊक होतं. मामाला ठाऊक होतं. थुंकावी तर हन्नाबीचं नाव घेतलेलं, गिळावी तर मामाची बायको. मी साखर जिभेवर धरून मामाकडे बघत राहिलो. ती विरघळली. साखरच ती, किती वेळ टिकणार?

साराआत्या मामाकडे वळल्या. "मामासाहेब, तुमचा भाचा बोलका आहे हो. आमची मुलगी सुखात राहील."

मामा उठला. "हो," म्हणाला. आपली पिशवी घेतली आणि बाहेर गेला. त्याने मला एक शिवी दिली असती तर मी आयुष्यभर उपकार मानले असते.

रिव्का चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. "ते कुठे गेले?"

मी तोंड उघडलं. सगळी इंग्रजी संपली होती. मराठीत कसंबसं सांगितलं: नवरामुलगा तो आहे, मी नाही, मी नुसता वाक्यं सांगायला आलो होतो. साराआत्या मटकन खाली बसल्या. रिव्काने ट्रे माझ्या हातात दिला. (निदान तो मला नीट धरता आला.)

"इंग्रजीत बोला असं कोण म्हणालं तुम्हाला?" तिने विचारलं.

"बोलणारा हवा असा निरोप होता."

"बोलणारा म्हटलं होतं मी. भाषण करणारा नाही." आणि चपला घालून ती बाहेर पडली.

मामा रस्त्यापलीकडे बसथांब्यावर बसला होता. शुक्रवारची शेवटची बस गेलेली, शनिवारी रात्रीपर्यंत दुसरी येणार नव्हती, आणि हे त्यालाही माहीत होतं. मी ट्रे घेऊन मागे मागे गेलो आणि थोड्या अंतरावर उभा राहिलो.

रिव्का त्याच्या शेजारी बसली. "तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"मला येत नाही," मामा म्हणाला.

"मराठी येत नाही?"

मामा जमिनीकडे बघत म्हणाला, "बेरशेव्याला तुम्ही पंगतीत वाढत होता. सगळ्यांचं झाल्यावर एकट्याच जेवायला बसलात. मला वाटलं, उठून तुमच्याजवळ येऊन बसावं. मीही रोज एकटाच जेवतो. म्हणजे हा असतो, पण हा बडबड करतो."

रिव्का हसली नाही. तिने चष्मा काढून पुसला. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "चहा आणा इकडे. गार झाला असेल."

झाला होता. दोघांनी तो तसाच घेतला.

घरी आल्यावर साराआत्यांनी मामाच्या तोंडात साखर घातली, पण त्यांचं समाधान होईना. "पहिली साखर याच्या पोटात आहे. ती फेडल्याशिवाय कसं चालेल?" त्यांनी तोडही स्वतःच काढली. मी सर्वांसमोर रिव्काला मामी म्हणायचं आणि हातबोशी करायची. मी त्या पांढऱ्या कोटात तिच्यापुढे उभा राहिलो, दोन्ही हात पुढे केले, तिच्या हातांना लावून स्वतःची बोटं ओठांना टेकवली, आणि तासाभरापूर्वी जिला हृदय देऊन बसलो होतो तिला म्हटलं, "मामी."

मामीने माझ्या डोक्यावर हात ठेवला. शाळेतल्या स्वच्छ उच्चारात म्हणाली, "गॉड ब्लेस यू, माय चाइल्ड."

पुढे यथावकाश माझंही लग्न झालं. बायको अजून कुरकुरते, की इतक्या वर्षांत तुम्ही मला प्रेमाचे दोन शब्द बोलला नाहीत. तिला काय सांगू? होते तेवढे सगळे मी मामीला बोलून बसलोय.