आवाज गेलेली फटफटी

नालवाडीच्या गॅरेजात जुनी फटफटी घेऊन येणारा प्रत्येक जण ती का ठेवली आहे, हे न विचारता सांगतो. कोणी म्हणतो, असं लोखंड आता मिळत नाही. कोणी म्हणतो, हिला आत्मा आहे. मी आठवीतून शाळा सोडून कोकणातून इतक्या लांब आलेला मेकॅनिक, म्हणून हे सगळं खरं मानत होतो.

एका गिऱ्हाइकाचा सायलेन्सर फुटला होता. काम चोख दिसावं म्हणून मी त्यात आवाज दाबणारी नवी जाळी बसवली. तो खुशीत देवळीला सासरी गेला आणि दुसऱ्या दिवशी लालबुंद होऊन परत आला.

"काऊन बे, आवाज कुठं गेला? एरवी मी गावात शिरलो का सासू चहा ठेवते. काल दारात उभा राह्यलो, तर मलेच विचारते, कधी आले जावईबापू?"

नोकरी गेली तर घरी कुठल्या तोंडाने जाणार? तेवढ्यात आमचे मिस्त्री पुढे आले.

"जाळी बसवाले मीच सांगतलं होतं, भाऊ," ते धडधडीत खोटं बोलले. "त्याले काही म्हणू नका."

मी जाळी काढली. जावईबापूंनी किक मारली, समोरचा दुकानदार कानावर हात ठेवून बाहेर आला, आणि जावईबापूंचा चेहरा उजळला.

"उद्या लवकर येजो," मिस्त्री मला म्हणाले. उद्याही यायचं आहे, एवढंच मी ऐकलं.